मागच्या आसाची चिठ्ठी

नाथाजी हवालदार गाडीखाली आडवे झाले होते. अंगणात त्यांचे फक्त पाय दिसत होते. चंद्राबाई त्या पायांशी बोलत होत्या.

"आवं, च्या निवला."

"मागच्या स्प्रिंगा मेल्या," पाय म्हणाले.

"कवा?"

"दोन्ही येकदम."

चंद्राबाईंनी कप पायांजवळ ठेवला आणि त्या आत गेल्या. गेली अठ्ठावीस वर्षं त्या या गाडीचे असले निरोप ऐकत होत्या.

गाडी लाल, दोन दारांची, लांब नाकाची. कर्नलसाहेबांनी ती परदेशातल्या नेमणुकीवरून आणली आणि निवृत्त होताना आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे नाथाजींना, देऊन टाकली. देताना म्हणाले, "सांभाळ. एक दिवस बसायला येईन." नाथाजींनी हा हुकूम मानला. पलूसमध्ये तेव्हापासून ती गाडी दसऱ्याला आणि सव्वीस जानेवारीला निघायची. मागं एक चिंचोळी सीट होती. ती माणसांसाठी नाही, कोट ठेवण्यासाठी असते, असं साहेब म्हणायचे. आणि पुढची दुसरी सीट साहेबांसाठी राखलेली. म्हणून चंद्राबाई लग्नकार्याला एसटीनं जायच्या.

आणि परवा फोन आला होता. साहेब चौऱ्याऐंशीचे झाले होते. वीस तारखेला साताऱ्यात माजी सैनिकांच्या मेळाव्याला येणार होते. "गाडी आहे ना? एक चक्कर मारू. मात्र जपून रे. मणक्यात दोन स्क्रू बसवलेत माझ्या."

आता नाथाजींच्या आयुष्यात एकच काम उरलं होतं. साहेबांना एकसुद्धा दणका बसता कामा नये.

*

*पुढचा आस*

पुण्याहून मुलानं, ऋषिराजनं, खोकं पाठवलं आणि फोन केला. त्यात चार निळ्या नळ्या, नळीवर स्प्रिंग, खाली फिरवायची चकती.

"कॉईलओव्हर म्हणतात आबा. स्प्रिंग आणि शॉकअप एकातच. चकती फिरवली की गाडी खाली-वर."

"खाली कशाला? रस्ता खालीच हाय की."

"वळणावर चिकटून चालते."

"साहेबांस्नी चिकटवायचं न्हाई. बसवायचं हाय."

नाथाजींनी कुपवाडच्या लालासाहेबांना फोन लावला. लालासाहेब उसाच्या ट्रॉल्यांपासून प्रेसच्या मशिनपर्यंत सगळ्यांच्या स्प्रिंगा वळून द्यायचे.

"हवालदार, कडक का मऊ ते मागनं बघू," लालासाहेब म्हणाले. "स्प्रिंगला माणसं कळत न्हाईत, वजन कळतंय. येताना वजनकाट्यावर गाडी लावा. पुढच्या चाकांचा आस येगळा तोलायचा, मागचा येगळा. रिकाम्या गाडीची चिठ्ठी आणा."

*

*मागचा आस*

कुपवाडला निघायच्या दिवशी नाथाजी गाडीपाशी आले, तर डिकी भरलेली. गुळाचे दोन रवे, तांदळाचं पोतं, काकवीचा डबा, हळद.

"हे काय?"

"सांगलीवरनंच जाणार न्हवं? भाचीला, संयोगिताला. डिकी रिकामी कशी न्यायची? लोकं काय म्हणतील?"

"बरं. देतो पोचवून."

"तुमी द्याल आन उंबऱ्यातनं माघारी याल. मी येते."

आणि चंद्राबाई मागच्या चिंचोळ्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा. पाय आडवे घेऊन, मांडीवर पिशवी घेऊन. नाथाजी काहीतरी बोलणार होते. पण नऊ वाजले होते आणि फौजेत नऊ म्हणजे नऊ.

साखर कारखान्याच्या काट्यावर नानासो होता. समोर ट्रॅक्टरची रांग. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये ती लाल गाडी उभी राहिली, तेव्हा सगळे ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागले. नाथाजी पुढं वाकून चाकं रेघेवर आली का हेच बघत होते. पुढचा आस झाला. मग मागचा. नानासो खिडकीतून काहीतरी ओरडला. ट्रॅक्टरच्या आवाजात नाथाजींना ऐकू आलं नाही. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि वरती आपल्या हातानं, फौजी अक्षरात, लिहिलं. ती चिठ्ठी जशीच्या तशी अशी :

*रिकामी गाडी. पुढचा आस ५९०. मागचा आस ७१०.*

वाचणाऱ्याला चूक दिसली असेल. नाथाजींना दिसली नाही. आपण बायकोला घेऊन चाललोय हे ते विसरले नव्हते. पण ती आणि तिचा गूळ यांना वजन असतं, ही गोष्ट त्यांच्या मनात आजवर कधी शिरलीच नव्हती.

सांगलीत चंद्राबाई आणि डिकी दोन्ही उतरल्या. नाथाजी एकटेच कुपवाडला पोचले. लालासाहेबांनी निळ्या नळीवरची स्प्रिंग अंगठ्यानं दाबून पाहिली.

"ह्या शर्यतीच्या. काचंवानी रस्त्यावर येकटा माणूस पळवणार, त्याच्यासाठी. नळ्या ठिवू, स्प्रिंगा मी वळतो." मग चिठ्ठीकडं पाहून म्हणाले, "मागं लय जड हाय की वो गाडी."

"जुनं लोखंड हाय."

"व्हय, तसंबी असंल. आत कोण बसणार?"

"पुढं साहेब आन मी. मागं कोण न्हाई."

"बरं. मागं कोण न्हाई," म्हणत लालासाहेबांनी वहीत लिहून घेतलं.

*

*रिकामी*

आठ दिवसांनी नाथाजी गाडी घ्यायला एकटेच गेले. मागची बाजू जरा उचललेली होती. लालासाहेबांनी चकती फिरवून ती सारखी करून दिली. नवी स्प्रिंग आहे, बसेल म्हणाले.

वसगड्यापर्यंत नाथाजींची टोपी तीनदा टपाला लागली. चौथ्यांदा ती मागच्या सीटवर गेली. पुढची चाकं खड्डा ओलांडायची सभ्य माणसासारखी. मागची चाकं त्याच खड्ड्यातून लाथ मारायची. नाथाजींना साहेबांच्या मणक्यातले दोन स्क्रू डोळ्यांसमोर दिसायला लागले.

घरी येताच त्यांनी फोन लावला.

"आणिक चकती फिरवू का?"

"चकतीनं उंची उतरंल हवालदार, ताठपणा न्हाई उतरायचा." तिकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "येक सांगा. चिठ्ठीवर रिकामी लिवलंय. तवा आत काय हुतं?"

नाथाजी स्वयंपाकघराकडं बघायला लागले.

"आवं, सांगा की."

"गूळ हुता."

"किती?"

"दोन रवे. तांदूळ. काकवी. हळद."

"आन?"

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. नाथाजींनी फोनवर हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं, "आन चंद्रा."

लालासाहेब इतके हसले, की मागं चालणारं मशिन कुणीतरी बंद केलं. मग म्हणाले, "नव्या वळून देतो, पण आठ दिवस लागतील."

मेळाव्याला दोन दिवस होते.

*

*भरलेली*

पहिला उपाय खताच्या पोत्यांचा. नाथाजींनी दोन पोती डिकीत घातली आणि दोन मागच्या सीटवर उभी केली. वळणावर लवंडू नयेत म्हणून पट्ट्यानं बांधली. गाडी गल्लीतून फिरवून आणली. लोण्यासारखी चालली.

दारात चंद्राबाई उभ्या होत्या.

"पोत्याला पट्टा लावलासा?"

"लवंडतंय."

"मला न्हवता लावला त्या दिशी."

नाथाजी काच पुसायला लागले.

"आन वास? कर्नलसायब युरियाच्या वासात बसणार व्हय सातारा बघत?"

वासाचं खरं होतं. नाथाजींनी पोती उतरवली. धान्य चढवून पाहिलं. ते सीटवर मावेना. संध्याकाळपर्यंत ते गाडीभोवती फिरत राहिले. फौजेत आणि घरात त्यांनी फक्त हुकूम घेतले होते आणि हुकूम दिले होते. विनंतीचं वाक्य कुठून सुरू होतं, ते आठवेना.

"चंद्रा, वीस तारखेला काय काम हाय का?"

"का?"

"सातारला जायचं हुतं."

"जावा की."

"न्हाई, म्हंजे तू. मागं. जरा..." पुढचा शब्द वाईट होता, पण दुसरा नव्हता. "वजनाला."

चंद्राबाईंनी हातातलं निवडायचं ताट खाली ठेवलं.

"येते," त्या म्हणाल्या. "पर पोत्यासारखी न्हाई येणार. कराडात थांबायचं. च्या प्यायचा. आन मी बोलंन, तवा हूं म्हणायचं."

*

वीस तारीख. डिकीत गूळ, तांदूळ, काकवी, हळद. मागं चंद्राबाई, पट्ट्यासकट. कराडात चहा झाला. साताऱ्यापर्यंत नाथाजी एकशेचार वेळा हूं म्हणाले आणि टोपी एकदाही हलली नाही. एकशेपाचव्या वेळी त्यांनी चक्क प्रश्न विचारला, "मग संयोगिताची सासू काय म्हणाली?"

साहेब काठी टेकत आले. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. मग बसले. पोवई नाक्यापर्यंत जाऊन गाडी माघारी आली तरी साहेब एका शब्दानं बोलले नव्हते. नाथाजींचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"नाथाजी," साहेब शेवटी म्हणाले, "माझ्याकडे असताना ही इतकी चांगली कधीच चालली नाही. काय केलंस?"

"वजन बरोबर धरलं, साहेब."

साहेब कष्टानं मान वळवून मागं बघू लागले. "आणि या?"

"मंडळी, साहेब."

"वजन म्हणून आलीया," चंद्राबाई म्हणाल्या. "गूळ न्या घरला. माघारी जाताना आमास्नी येवढं वजन लागायचं न्हाई."

साहेब हसले. मणक्याला हात लावून, पण हसले.

*

*निव्वळ*

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांचा फोन आला. खरी रिकाम्या गाडीची चिठ्ठी आणा, स्प्रिंगा फुकट बदलून देतो. नाथाजी गाडी घेऊन निघाले. चंद्राबाई न विचारता मागं बसल्या. बाजारात जायचं होतं म्हणे.

काट्यावर नानासोनं खिडकीतून डोकं काढलं. आज ट्रॅक्टर नव्हते. आवाज स्वच्छ आला.

"वैनी, ह्या खेपंला तरी उतरा! मागच्या टायमाला येवढं वरडलो, उतरा उतरा, तर तुमी हात हलवून न्हाई म्हणालासा."

नाथाजींनी आरशात पाहिलं. आरशात चंद्राबाई बाहेरच्या उसाकडं बघत होत्या.

"तुला ऐकू आलं हुतं?"

"व्हय."

"मग उतरली का न्हाईस?"

"अठ्ठावीस वर्सांनी बसले हुते," चंद्राबाई म्हणाल्या. "लगीच उतरू व्हय?"

काट्याच्या पत्र्यावर गाडी उभी होती. आत नानासोच्या समोर आकडा स्थिर झाला. नाथाजींनी आरसा थोडा खाली केला, चंद्राबाई नीट दिसाव्यात इतका. मग गिअर टाकला आणि गाडी काट्यावरून हळूच पुढं काढली.

"हवालदार! चिठ्ठी!"

"ऱ्हाऊ दे रं," नाथाजी खिडकीतून ओरडले. "पयली बरोबर हाय."