कंट्रोल कुठाय?

आमच्याकडे मंगल आली की चहाचे दोन कप लागतात. तिला एकटीलाच दोन. त्याचं असं झालं, गेल्या वर्षी मी चहात बडीशेप घालायला लागले आणि कौतुकाने तिला म्हटलं, "बघ, याने पित्त होत नाही." तिने कप खाली ठेवला. "कशाच्या मानाने होत नाही? बडीशेप नसलेला कप कुठाय? कंट्रोल कुठाय, शैले?" मग मी बिनबडीशेपेचा दुसरा कप केला. बाईंनी दोन्ही रिकामे केले आणि संध्याकाळी फोन करून कळवलं, की पित्त झालंय, पण कुठल्या कपाने ते सांगता येत नाही, प्रयोग चुकला, उद्या परत येते.

ही डॉक्टर मंगल कांबळे. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे, कॅन्सरवर संशोधन करणारी. घाटकोपरला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटी राहते. मी तिसऱ्या मजल्यावर, नवरा आणि माझी आई यांच्यासोबत. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आता मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. म्हणजे फळ्यावर पेशीचं चित्र काढते मी, आणि खरी पेशी बघते ती. दहावीला विज्ञानात मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते. हे मी कोणाला सांगत फिरत नाही असं समजू नका, सगळ्यांना सांगते. मी तिच्यावर जळते, हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मला उगाच चांगली समजणार नाही.

तर कंट्रोल. हे तिने मला, आमच्या ह्यांना आणि इस्त्रीवाल्यालाही समजावून झालंय. एका डबीत पेशी वाढवायच्या, त्यांत औषध घालायचं. दुसऱ्या डबीत तशाच पेशी, तीच ऊब, तेच खाणं, फक्त औषध घालायचं नाही. ही दुसरी डबी म्हणजे कंट्रोल. ती शेजारी नसेल तर पहिलीत जे झालं ते कशामुळे झालं हे कळायला मार्ग नाही. "बिचारी असते कंट्रोल," मंगल म्हणते. "तिला कोणी काही देत नाही. नुसती बाजूला ठेवायची आणि दुसरीशी ताडून बघायची."

माझ्या आईच्या लेखी मात्र कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. माझे वडील मालवणकडून गिरणीत आले, आणि आईचा अर्धा जन्म त्या कंट्रोलच्या रांगेत गेला. त्यामुळे मंगलने "कंट्रोल" म्हटलं की आई सरसावून बसते. "कंट्रोलवर आता काय रवला नाय गो. आधी पामतेल तरी गावायचा." मंगल म्हणते, "कंट्रोल नीट नसेल तर सगळं वाया जातं, मावशी." आई म्हणते, "ताच मी सांगतंय." दोघी अर्धा तास अशा एकमताने बोलतात. मी एकदा आईची चूक दुरुस्त करायला गेले, तर मंगलनेच मला डोळ्यांनी दटावलं.

बुद्धपौर्णिमेला ती बिल्डिंगभर खीर वाटते. दोन पातेल्यांत करते, एक गोड आणि एक बिनसाखरेची, लोकांना गोडाची खरी चव कळावी म्हणून. आमच्या ह्यांच्या वाट्याला दर वर्षी दुसरीच येते आणि ते बिचारे वाटी चाटूनपुसून खातात.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला ती मध्येच उठली. व्याही अमरावतीचे, त्यांनी अदबीने विचारलं, "लवकर निघालात?" ही म्हणाली, "काय करणार, पेशी आहेत ना माझ्या. रविवारी पण जावं लागतं." त्यांच्याकडे कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. व्याह्यांचा चेहरा पडला. रात्री त्यांचा फोन, तुमच्या मैत्रिणीवर केस कसली चालू आहे? मी म्हटलं, "कॅन्सरची." ते आणखीच घाबरले.

तोही राग गिळला मी. पण आमच्या शाळेने विज्ञान दिनाला हिला पाहुणी म्हणून बोलावलं आणि परिचय करून द्यायचं काम माझ्या गळ्यात मारलं. तिला शाल, तिला नारळ, आणि माइकसमोर उभी राहून तिचे गुण गाणारी मी. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला कॅन्सरवर औषध सापडलं का?" मंगल म्हणाली, "नाही." मुख्याध्यापिका पुढच्या वाक्यासाठी थांबल्या. पुढचं वाक्य आलं ते असं, "शोधतेय. सापडलं म्हणून कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर त्याला विचारा, कंट्रोल कुठाय?" झालं. वर्गात मी म्हटलं, रोज उजळणी केली की मार्क वाढतात, की मागच्या बाकावरून आवाज, "मॅडम, कंट्रोल कुठाय?" माझ्या वर्गात, मी तीस वर्षं शिकवतेय त्या वर्गात, तिचं वाक्य.

हे सगळं चाललं असतं. माझी खरी आग आईवरून. मंगलची आई ती आठवीत असताना कॅन्सरने गेली. तेव्हापासून माझ्या आईने तिचाही डबा भरला. मासळीची मधली तुकडी तिला, शेपटी मला. अजूनही चहा आईने ओतला तर मंगलचा कप काठोकाठ आणि माझा दोन बोटं कमी. मी घरात राबते, औषधं देते, पाय चेपते. ही दहा मिनिटं येते आणि आईचा चेहरा उजळतो. कोणाला नाही जळायला होणार?

आईला मशेरीची सवय. मी ओरडून थकले. मंगल ओरडत नाही, ती दर भेटीला मोबाईलचा दिवा लावून आईला "आ करा" म्हणते. आई आधी लाजायची, मग आपणच तोंड उघडायला लागली. गेल्या पावसाळ्याआधी अशीच बघता बघता मंगलचा हात थांबला. आतल्या गालावर पांढरट डाग होता. एका घरात, एका ताटात जेवते मी आईबरोबर, विज्ञान शिकवते, मला दिसला नव्हता.

तपासणीत निघायचं तेच निघालं. डॉक्टर म्हणाले लवकर सापडलंय, काढून टाकू. आईला कळेना की असं होतं तरी काय. मी तिला वहीत आकृती काढून पेशीविभाजन शिकवलं. ती म्हणाली, "बरां," आणि कूस बदलली. संध्याकाळी मंगल आली. "मावशी, पेशीला वाढायचं असतंच. आत एक थांब म्हणणारं कोणीतरी असतं. ते गप्प झालं की पेशी वाढतच सुटते. मी त्या थांब म्हणणाऱ्यालाच शोधत असते." आई उठून बसली. "म्हणजे घरात वडीलधारा माणूस नाय. मगे पोरां उंडारतलीच." मंगल म्हणाली, "बरोबर." माझी आकृती उशीखाली चुरगळून पडली होती.

ऑपरेशन झालं. जखम भरेपर्यंत बोलायला बंदी. नाकातल्या नळीतून पेज मी दिली, ड्रेसिंगला मी नेलं, शाळेत रजा मी टाकली. आणि देवाशपथ सांगते, मनात एकच हाव होती. आई बोलेल तेव्हा पहिल्यांदा माझं नाव घेईल. एवढं तरी माझ्या वाट्याला यावं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या संध्याकाळी मंगल आलेली होती. आईने ओठ हलवले. सुजलेल्या गालातून शब्द सरळ येईनात. मी तोंडाशी कान नेला. आई म्हणाली, "मंगलक चाय दी."

मी स्वयंपाकघरात गेले आणि आधण आपटून ठेवलं. मंगल मागोमाग आली.

"काय झालं गं?"

"काही नाही. आई तुझीच आहे, खाली घेऊन जा. औषधांचा डबा पण ने."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "शैले, मी तुझ्यावर किती जळते, माहितीये तुला?"

मला हसू आलं. "माझ्यावर? सातवी ब वर?"

"एक बिल्डिंग, एक शाळा, एक बाक. डबा पण एकीच्याच हातचा. सगळं सेम ना? फक्त एक गोष्ट तुझ्यात आहे, माझ्यात नाही. तुला शाळेतून यायला उशीर झाला की आई खिडकीत येऊन उभी राहते. मी खालून बघते. मला कधी उशीरच होत नाही, यार. कोणी वाट बघत असेल तर उशीर होणार ना." तिने नाक पुसलं. "आपल्या दोघींत कंट्रोल मी आहे."

चहा उतू गेला तरी गॅस बंद करायचं भान राहिलं नाही. आईची खोली भिंतीपलीकडेच, आणि कान तिचे शाबूत. तिकडून तोंडात कापूस असल्यासारखा, सावकाश आवाज आला, "कंट्रोलवर... सगळ्यांका सारख्याच गावता गो."

मंगलने तिला दुरुस्त केलं नाही. मीही नाही. आईने नेहमीसारखं चुकीचं ऐकलं की या वेळी बरोबर ऐकलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी शाळेतून आले तर आई खिडकीत उभी. मी म्हटलं, "आले की मी, आता कोणाला बघतेस?" आई मान न वळवता म्हणाली, "मंगल येवक नाय अजून." जळले मी, नाही कशाला म्हणू? पण फोन लावला.

"कुठे आहेस? उशीर झालाय तुला."

"उशीर?" मंगल म्हणाली. "कशाच्या मानाने?"

"आई खिडकीत उभी आहे," मी म्हटलं.