अकरा जर्सी आणि लाल चिठ्ठी

"सर, संघ सुधारायचाय ना? मग सुरुवात तुमच्यापासूनच केली तर?"

हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, प्रश्न शिट्टी आणि चष्मीचा. या माझ्या दोन जिवलग मैत्रिणी. "विचारून दाखव! नाही विचारलंस तर वर्षभर आमची दप्तरं उचलायची," असं ठरलं होतं. वर्षभर दप्तरं उचलण्यापेक्षा एकदा जीभ उचललेली बरी. उचलली आणि लावली टाळ्याला!

तशी मी आता कुणाला घाबरत नाही. सहा महिन्यांपूर्वी हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा घसा कोरडा पडायचा. पण वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले आणि मला माझा आवाज सापडला. (स्पर्धक तीन होते, पण तो मुद्दा वेगळा.)

प्रश्न विचारला तो आमच्या फुटबॉल क्लबच्या वार्षिक सभेत. सीझन संपला की शाळेच्या हॉलमध्ये ही सभा भरते आणि पुढच्या वर्षी काय सुधारायचं ते प्रत्येक जण सांगतो. आमच्या क्लबात खेळाडू अठरा आणि प्रशिक्षक चारशे! शिंपीकाकांच्या मते मधली फळी उसवलेली आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मते पुढची फळी मुळापासून उपटायला हवी. आम्ही यंदा बावीस सामन्यांत तीन जिंकलो. त्यातला एक, समोरच्यांची बस वाटेत बंद पडली म्हणून.

कोच सर दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. त्यामुळे सामना बघतानाही त्यांचा उजवा पाय गवतात ब्रेक शोधत असतो. माझ्या प्रश्नावर सरांचा पाय हलला. मग ते इतक्या थकलेल्या आवाजात बोलले की मलाच जांभई आली.

"पोरी, मलाही तेच वाटतं. पण माझ्याऐवजी कोण? आणि बाकीच्यांऐवजी कोण? एवढं कळत असेल तर यादी करून आण. शुक्रवारी पाचला नोंदणी बंद होते. तोवर अठरा सह्या नाही झाल्या तर पुढच्या वर्षी क्लबच नाही."

कुणी हसलं नाही. हसायला अंगात जोर लागतो, आणि सीझनअखेर आमच्या समर्थकांच्या अंगात तो नसतो. मी मात्र यादीचं काम मला अधिकृतपणे सोपवलं गेलंय असं समजून ताठ मानेने घरी आले.

आमचं घर म्हणजे खाली लाँड्री आणि वर आम्ही. क्लबच्या जर्सी आमच्याकडेच धुवायला येतात. आईची पद्धत अशी की धुऊन झालेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरला एक छापील चिठ्ठी लावायची. हिरवी: 'तयार'. पिवळी: 'दुरुस्तीची गरज. विचारून करू.' आणि लाल: 'सर्व प्रयत्न केले. आता उपयोग नाही. क्षमस्व.'

मंगळवारी दुपारी सीझनच्या शेवटच्या धुलाईच्या जर्सी आल्या होत्या. आई मागे मशीनपाशी होती. मी इस्त्रीच्या लांबलचक टेबलावर संघ मांडला. गोलकीपर, बचाव, मधली फळी, पुढे दोघे, राखीव खेळाडू कडेला. अहाहा! कपाटाजवळच्या स्टुलावर उभं राहून वरून बघितलं तर सगळ्या चुका लख्ख दिसत होत्या! मग हाताशी चिठ्ठ्या होत्याच. ठेवायचा तो हिरवा, सुधारायचा तो पिवळा, काढायचा तो लाल. मागच्या कोऱ्या बाजूला मी कारणंही लिहिली. गोलकीपरच्या लाल चिठ्ठीमागे लिहिलं, 'डोळे मिटून उडी मारतात. तीही चेंडू गेल्यावर.' कोच सरांचं जॅकेट धुवायला आलं होतं. त्यालाही लाल!

यादी वहीत उतरवून घेतली. आता चिठ्ठ्या काढायच्या, एवढ्यात बाहेरून शिट्टीची शिट्टी आली. मी वही घेऊन धावले. दोघींना यादी वाचून दाखवली. दोघींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम तास होता. लाँड्रीतही त्याच तासात बरंच काही घडलं.

आमच्या लाँड्रीत एक नियम आहे. चिठ्ठी लागलेल्या कपड्याला पुन्हा प्रश्न विचारायचा नाही. बाबा आले, त्यांना वाटलं आईने लावल्या. त्यांनी घड्या घातल्या. आई आली, तिला वाटलं बाबांनी बघितलं. तिने गठ्ठे बांधले. आणि बाबा स्कूटरवरून ते घरोघर पोचवून आले!

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण लाल चिठ्ठीचा कपडा बाबा नुसता हातात देत नाहीत. गिऱ्हाईकाला वाईट वाटू नये म्हणून दारात उभं राहून चार शब्द बोलतात. शिवाय बाबा क्लबच्या समितीवर आहेत. काम खुर्च्या मांडायचं, पण समिती ती समिती!

गोलकीपर म्हणजे आमचे पोस्टमन काका. बाबांनी त्यांच्या हातात जर्सी ठेवली आणि नेहमीच्या हळव्या सुरात विचारलं, "किती वर्षं झाली?"

"पंधरा," काका म्हणाले.

"मग काय हो! पुष्कळ चाललं. आम्ही सगळं करून पाहिलं, पण आता ओढण्यात अर्थ नाही. सोडून द्या."

बाबा जर्सीबद्दल बोलत होते. काकांनी चिठ्ठी वाचली, मान हलवली आणि दार लावून घेतलं.

बुधवारी सकाळी मी शाळेला निघाले तर काउंटरपाशी बेकरीवाला दादा उभा. हा आमचा पुढच्या फळीतला खेळाडू. हातात भलंमोठं पाकीट.

"दुरुस्तीची गरज म्हणे! हे बघा वहिनी, दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढून आणलेत. आहे कुठे बिघाड?"

आईने एक्स-रे उजेडात धरला. वीस वर्षांची सवय! "डाग तर मोठा दिसतोय," ती म्हणाली. "कशाचा आहे?"

दादा तिथेच मटकन खाली बसला.

त्याला पाणी देतोय तोवर राखीव दादा केक घेऊन हजर. याचं खरं नाव कुणाला आठवत नाही, कारण सहा वर्षं तो बाकावरच बसलाय. त्याचे डोळे भरून आले होते.

"वहिनी, तोंड गोड करा! 'तयार'! सहा वर्षांनी कुणाला तरी कळलं!"

"अरे, तुझी जर्सी तयारच असते की," आई म्हणाली. "मळते कुठे?"

केक अर्धवट कापलेला राहिला.

आणि मग कोच सर आले. जॅकेट हातात. बाकावर बसले. उजव्या पायाने हळूच ब्रेक दाबला.

"बारा वर्षं," सर म्हणाले. "आणि निरोप लाँड्रीतून. असो. राग नाही हं माझा. खरं सांगू, काल रात्री मी झोपलो. गाढ! बारा वर्षांत पहिल्यांदा!"

"कसला निरोप?" आईने चिठ्ठी हातात घेतली. वाचली. उलटली. मागे लिहिलं होतं, 'यांनाच ब्रेक लावावा.' अनुस्वाराच्या जागी छोटासा गोल. आमच्या घरात अनुस्वाराला गोल काढणारी व्यक्ती एकच, आणि ती तेव्हा दप्तर पाठीला लावून दाराकडे सरकत होती.

"थांब," आई म्हणाली.

त्यानंतर काय झालं ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की वक्तृत्वाचा काडीचाही उपयोग झाला नाही. बाबा तर अधूनमधून, "म्हणजे मी त्यांना सोडून द्या म्हटलं? मी म्हटलं?" असं भिंतीला विचारत होते.

बेकरीवाल्या दादाची समजूत पटली. कोच सर खरं कळल्यावर थोडे हिरमुसलेच. लाल चिठ्ठीवाल्या बाकीच्यांकडे बाबा पुन्हा स्कूटरवरून गेले आणि दारोदार माफी मागून आले. पण पोस्टमन काका भेटलेच नाहीत. गुरुवारी मी शाळेत असताना ते स्वतः आले आणि काउंटरवर हातमोजे ठेवून गेले. म्हणाले, "वहिनी, धुऊन कुणा चांगल्या माणसाला द्या." आईने खूप सांगितलं, पोरीचा खेळ होता म्हणून. ते नुसते हसले म्हणे.

अठरा सह्यांपैकी सतरा! आणि शुक्रवार उद्यावर!

मी शिट्टी-चष्मीकडे गेले. "आम्ही फक्त प्रश्न दिला होता," चष्मी म्हणाली. "उत्तर तू काढलंस." शिट्टीने तर शिट्टीसुद्धा वाजवली नाही.

संध्याकाळी आईने हातमोजे माझ्यापुढे टाकले. "बाबांनी बाकीचं पोचवलं," ती म्हणाली. "हे तू पोचव."

शुक्रवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटल्यावर मी पोस्टात गेले. काका मागच्या खोलीत पत्रं खणांत टाकत होते. चेहरा सामन्यात असतो तसाच, म्हणजे नुकताच गोल झालाय असा.

"काका, ती चिठ्ठी मी लावली होती."

"ठाऊक आहे. वीस वर्षं पाकिटांवरची अक्षरं वाचतोय. शाळेतल्या पोरीचं अक्षर मला कळणार नाही होय?"

"मग सही का नाही करत?"

त्यांनी एक पत्र चुकीच्या खणात टाकलं, पुन्हा काढलं. "कारण तू खरं लिहिलंस. मिटतात माझे डोळे. घरच्यांनी सांगितलं नाही, सरांनी सांगितलं नाही. एकसष्ट गोल झाले तरी सगळे म्हणतात, काका, नशीब हो! थकलो मी त्या नशिबाला."

मी 'सॉरी' म्हटलं, तेही जुन्या 'हजर'इतकं हळू. मी! जिला आवाज सापडला होता ती!

"पण माझ्याऐवजी कोण, ते लिहायचं राहिलं तुझं," काका म्हणाले. "हातमोजे आणलेयस ना? घाल. चहाची सुट्टी आहे, चल."

मैदान पोस्टाच्या मागेच. सकाळीच माळ्याने पाणी मारलेलं, गोलपाशी नुसता चिखल. काकांनी दहा चेंडू मारले, तेही पायात पोस्टाच्या चपला घालून. दहाच्या दहा आत! मी डावीकडे उडी मारली की चेंडू उजवीकडे, मी उजवीकडे मारली की मी चिखलात. एकदा चेंडू आत जाऊन थांबला, त्यानंतर मी उडी मारली.

"किती दिसले?" काकांनी विचारलं.

मी तोंडातला चिखल थुंकला. "एकही नाही. डोळे आपोआप मिटतात हो!"

आणि काका हसले. कंबरेवर हात ठेवून, खोकला येईपर्यंत हसले. "आपोआपच मिटतात! अगं, पंधरा वर्षं मला वाटत होतं माझेच!"

"काका, सही करा ना. साडेतीन वाजले. तुम्ही नसाल तर क्लबच नाही. सगळे त्या हॉलमध्ये बसून मतं तरी कुणाबद्दल देणार?"

हे मात्र त्यांना पटलेलं दिसलं. हातमोजे माझ्या हातातून ओढून घेत ते म्हणाले, "एक वर्ष करतो. त्यापुढे गुडघे नाहीत. पण तूही यायचंस. रोज सकाळी सहाला. शाळेच्या मुलींच्या संघाला गोलकीपर नाही, ठाऊक आहे मला. डोळे उघडे ठेवायला मी शिकवतो. शिकवता शिकवता मलाही जमेल कदाचित."

पाचला दहा कमी असताना सही झाली. अठरावी! कोच सरांनी कागद बंद केला आणि मोठा सुस्कारा सोडला. "गेली झोप," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "यादी आणलीस?"

मी चिखलाच्या हाताने वही पुढे केली. सरांनी खिशातून स्वतःचा घडीचा कागद काढला आणि शेजारी धरला. तीच नावं! तोच क्रम! अगदी डाव्या बचावापर्यंत! फक्त त्यांच्या यादीत खाली एक ओळ जास्त होती, 'यांच्याऐवजी', आणि पुढे कोरी जागा. ती ओळ ते गेली बारा वर्षं कोरी ठेवतायत म्हणे.

तर यंदा सीझन संपल्यावर आमच्या संघात झालेली सुधारणा अशी: तेच अठरा खेळाडू, तेच सर, प्रत्येक जण एका वर्षाने मोठा.

घरी पोचले तेव्हा आई टेबलापाशी होती, बाबा गठ्ठे मोजत होते. आईने माझ्याकडे पायापासून केसांपर्यंत पाहिलं. मग चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घातला आणि माझ्या युनिफॉर्मच्या कॉलरला चिठ्ठी लावली. मी मान वाकडी करून बघितलं. पिवळी. म्हणजे अजून आशा होती!

मी टेबलाच्या टोकाशी ताठ उभी राहिले. स्पर्धेत शिकवलं होतं तसे हात बाजूला घेतले.

"आई, बाबा, मी एक निर्णय घेतलाय! आजपासून संघाबद्दल माझं मत बंद. कायमचं! आणि उद्यापासून रोज सकाळी सहाला मी मैदानावर, गोलात उभी राहणार! ऊन असो, पाऊस असो, कुणी थांबवू शकणार नाही!"

मी जरा आवाज खाली आणला.

"फक्त साडेपाचला मला कुणीतरी उठवा."