बिनधुराची गाडी आणि जाधवकाका

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत कोणी नवी गाडी आणली, की जाधवकाका पेढा घेण्याआधी वाकून तिच्या सायलेन्सरचा वास घेतात. मग मालकाला विचारतात, "ही कुठल्या खान्यात?"

काकांची नोकरी टपाल खात्यात, पत्रं खान्यांत लावण्यात गेली. प्रत्येक गोष्टीला एक खाना असतो, ही त्यांची श्रद्धा. ती हायब्रिडने मोडली.

गेल्या वर्षी त्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं. अट एकच, धूर नको. मी शेजारी आणि वर इंजिनियर, म्हणून दर रविवारी शोरूमला बरोबर. मी कॉम्प्युटरवाला आहे, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. पहिल्या ठिकाणी कळलं, हायब्रिडमध्ये पेट्रोलही असतं आणि बॅटरीही, पण ती चार्ज करायची नसते. दुसऱ्या ठिकाणी कळलं, चार्ज करायची हायब्रिडही असते. तिसरीकडे सीएनजी दाखवली. धूर कमी, पण सोबत पेट्रोलची टाकी. इथेनॉलचं ऐकून काका नुसते बघत राहिले. हायड्रोजनच्या गाडीतून पाणी पडतं म्हटल्यावर त्यांनी मनापासून विचारलं, "मग खाली बादली ठेवायची?"

तोवर माझाही पार गोंधळ उडाला होता. वैतागून मी म्हटलं, "काका, पण चालवणार कोण?"

"शिकतोय ना. रोज सकाळी, करावे गावाच्या बाजूला. काकूला बोलू नकोस."

चौथ्या रविवारी नुसत्या विजेवरची गाडी पाहिली. काका पुढे बसलेच नाहीत. मागच्या सीटवर डोळे मिटून लांब श्वास घेत राहिले. गाडी चालू आहे, हे त्यांना सांगावं लागलं.

"काकूला दमा आहे," ते हळूच म्हणाले. "रस्त्याचा धूर लागला की जीव घाबरा होतो. तिची आई गेली तेव्हा पनवेलवरूनच परत आणली मी तिला. माहेरी, मंडणगडला पोचलीच नाही."

काकांनी तीच गाडी घेतली.

लायसन्स मिळाल्यावर काका-काकू दोघं मंडणगडला निघाली. काचा बंद, वेग चाळीस, वाटेत दोनदा चार्जिंग. संध्याकाळी मी काळजीने फोन केला.

"पोचलो. ती बरी आहे," काका म्हणाले. "तिच्या बहिणीच्या घरात आहे."

"आणि तुम्ही?"

"गाडीतच बसलोय. दोघी रडतायत रे. थोडा वेळ रडू दे."