इंजिनातली पितळी चकती

रविवारी सकाळी साडेसातला दादा थर्मास घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा घड्याळजींनी बोटीचं इंजिन जेवणाच्या टेबलावर मांडलेलं होतं आणि त्यांच्या बायकोने त्या टेबलाची आशा सोडलेली होती.

"आज जायचं नाही?" दादांनी विचारलं.

"दोन रविवार थांब, दादा. फक्त दोन. मग बघ, त्या दातांच्या डॉक्टरला कसा मागे टाकतो ते."

बोट वडिलांची. तिच्यातून दोघे भाऊ दर रविवारी मासे धरायला जात. मासे क्वचितच मिळत, पण जाणं चुकत नसे. इंजिन इतकं मंद, की समोरच्या बेटापाशी पोचायला तास लागे. तेवढ्यात दातांचे डॉक्टर आपल्या पांढऱ्या बोटीतून सूंकन पुढे जात आणि जाताना सगळे दात दाखवून हात हलवीत. बाकी काही नाही, तो हात घड्याळजींच्या डोक्यात गेला होता. दादांना त्याचं काही वाटत नसे. ते डॉक्टरांना उलट हात करीत आणि थर्मासमधला चहा ओतत.

इंजिन खोलायचं धाडस घड्याळजींनी केलं ते एका साध्या विचाराने. पस्तीस वर्षं ते डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवत होते. इंजिन म्हणजे काय, मोठं घड्याळच! उलट भिंगसुद्धा लागत नाही. हा विचार त्यांनी बायकोला सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, मग हत्ती म्हणजे मोठं मांजर असेल. घरात आणू नका म्हणजे झालं."

पहिल्याच दिवशी त्यांना रोग सापडला. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये कुणीतरी पितळेची एक चकती घातली होती. मधे करंगळी जाईल एवढंच भोक. सगळा श्वास तिथेच कोंडला होता.

"बघितलंस? कुणा गाढवाने ही बसवलीय!" घड्याळजी आनंदाने ओरडले. "इंजिनाच्या नाकात बोळा घालून ठेवलाय."

दादा त्या चकतीकडे बराच वेळ बघत राहिले. "असेल काही कारण," ते म्हणाले.

चकती मात्र सुबक होती, टाकवेना. त्याच आठवड्यात दादांच्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक गळून पडला होता. घड्याळजींनी ती चकती घासूनपुसून त्या लंबकाला लावली आणि घड्याळ परत भिंतीवर चढवलं. एरवी त्यांच्या दुकानातून आठ दिवस तपासल्याशिवाय घड्याळ बाहेर पडत नसे. पण इंजिनाचं वेड शिरलेलं, आणि घड्याळ घरचंच. घरच्यांना काय, नंतर बघू.

दोन रविवारांचे चार झाले. नुसती चकती काढून डॉक्टर मागे पडतील याची खात्री नव्हती, म्हणून लेथवाल्याकडून सिलिंडर मोठा करून घ्यायचा ठरला. सिलिंडर मोठा, तर पिस्टन मोठा हवा. पिस्टन मोठा, तर पाण्यातला पंखाही मोठा हवा. पंखा मोठा झाला तेव्हा तो बोटीखाली मावेना, म्हणून बोट उलटी करून तिच्या बुडाला हात घालावा लागला. विकतचं दुखणं म्हणतात ते असं टप्प्याटप्प्याने येतं.

पिस्टन बसवताना लेथवाल्याने बजावलं होतं, "मालक, चारी बाजूंनी फट ठेवा. तापला की फुगतो तो."

"फट?" घड्याळजी दुखावले. "आमच्या धंद्यात फट म्हणजे शरम!" आणि त्यांनी पिस्टन असा नेमका बसवला, की सिगारेटचा कागदसुद्धा आत जाऊ नये. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण लेथवाल्याने त्यांच्या तोंडावर म्हटली नाही, इतकंच.

या सगळ्या रविवारी दादा नेमाने साडेसातला येत. स्टुलावर बसत, बॅटरी धरत आणि मधेच म्हणत, "अरे, तुला एक सांगायचं होतं."

"थांब दादा, मोजतोय."

दादा थांबत. मोजणं संपलं की घासणं सुरू होई, घासणं संपलं की पुन्हा मोजणं. दुपारी रिकामा थर्मास घेऊन दादा घरी जात. वहिनी गेल्यापासून त्यांच्या घरी कुणी वाट बघणारं नव्हतं, पण ते वेळेवर जात. असे अकरा रविवार गेले.

बाराव्या रविवारी बोट पाण्यात उतरली. घड्याळजींनी दोरी ओढली आणि धक्क्यावरचे पक्षी उडाले. बोटीने नाक वर केलं, शेपूट पाण्यात रुतवलं आणि ती निघाली ती अशी, की दादांची टोपी धक्क्यापाशीच राहिली. चार मिनिटांत पांढरी बोट दिसली, पाचव्या मिनिटाला ती मागे पडली. घड्याळजींनी उभं राहून दोन्ही हात हलवले. आयुष्यात फार थोड्या गोष्टी ठरवल्या तशा घडतात, ही घडली. ती बरोबर सहा मिनिटं टिकली.

दादा समोर बसून ओरडून काहीतरी सांगत होते. इंजिनापुढे अक्षर ऐकू येत नव्हतं. दादा आनंदात असतील असं धरून घड्याळजींनी हसून जोरजोरात मान हलवली. तेवढ्यात खाली 'खट्ट' झालं आणि सगळीकडे शांतता पसरली. पिस्टन तापला, फुगला आणि फट नसल्यामुळे जागच्या जागी रुतून बसला.

"बरं झालं बाबा," दादा म्हणाले. "मला वाटत होतं, तू नाराज होशील."

"कशाबद्दल?"

"आत्ता सांगितलं ना. मी येत्या रविवारी लेकीकडे जातोय, कायमचा. तुला वाईट नाही ना वाटणार, विचारलं, तर तू हसून जोरजोरात मान हलवलीस."

घड्याळजींच्या हातातला पाना बोटीच्या तळाला पडला. "आणि हे तू आज सांगतोस?"

"कधी सांगू? बोट कुठे होती?"

बोट टेबलावर होती, अंगणात होती, लेथवर होती. नुसती पाण्यात नव्हती. आणि घरी, माणसांत, या दोघांना एकमेकांशी धड बोलता आलं नव्हतं, आजवर कधीच.

"ती चकती," दादा हळूच म्हणाले, "मीच बसवली होती. तो गाढव मी."

"तू? का?"

"बाबा गेले त्या वर्षी तू बोलणंच टाकलं होतंस. आपण बोटीतून वीस मिनिटांत पोचायचो, आणि तू पाण्याकडे बघत बसायचास. मग एकदा इंजिन बिघडलं, तासभर लागला, आणि पाऊण तासाने तू आपणहून बोलायला लागलास. तुझं तोंड उघडायला पाऊण तास लागतो रे, धाकट्या. म्हणून इंजिनच हळू करून टाकलं."

घड्याळजींना एकदम रडू आलं. ते लपवायला बोटीत जागा नव्हती. "ती चकती तुझ्या घड्याळाला लावलीय मी," ते नाक पुसत म्हणाले.

"तरीच रोज तीन मिनिटं मागे पडतं. मी शनिवारी रेडिओवर लावून घेतो."

"मला बोलला नाहीस!"

"तू मोजत होतास."

निदान आता तरी निवांत बोलत बसावं, तर मागून डॉक्टर आले. दोघे नको नको म्हणत असताना त्यांनी दोर टाकला, सगळे दात दाखवले आणि भावांना भरधाव ओढत दहा मिनिटांत धक्क्याला लावलं. त्या आवाजात काही बोलता आलं नाही. एवढी वर्षं ज्या वेगासाठी घड्याळजी झुरले, तो असा दोराच्या टोकाला बांधून मिळाला.

पुढच्या रविवारी दादांची दहाची बस होती. स्टँड घरापासून दहा मिनिटांवर. घड्याळजी सकाळीच आले. त्यांच्या मनगटावर कधी घड्याळ नसे. हलवाई कुठे मिठाई खातो, असं ते म्हणत. दोघे भिंतीवरच्या लंबकाकडे बघत बसले. चकती हलत होती. त्यांनी एक कप चहा घेतला, मग अर्धा अर्धा घेतला. अकरा रविवारांचं बोलणं एका सकाळी निघत नाही. पाऊण तास तर तोंड उघडण्यातच जायचा होता.

घड्याळात दहाला वीस मिनिटं कमी होती तेव्हा त्यांनी ट्रंक उचलली. स्टँडवर पोचले तर फलाट रिकामा.

"दहाची बस?" घड्याळजींनी खिडकीतल्या बाईंना विचारलं.

"गेली की. चौदा मिनिटं झाली. आता उद्या सकाळी."

घड्याळजींनी हिशेब केला. रोज तीन मिनिटं, आठ दिवस, चोवीस मिनिटं. म्हणजे काल शनिवारी घड्याळाला कुणी हात लावला नव्हता. पस्तीस वर्षांच्या धंद्यात एवढी शरमेची गोष्ट घडली नव्हती, आणि तरी त्यांना शरम वाटेना.

दादांनी लेकीला फोन केला. ट्रंक खिडकीतल्या बाईंकडे ठेवली. मग काही न ठरवता दोघे धक्क्याकडे वळले. बोटीत इंजिन नव्हतं, ते पुन्हा टेबलावर होतं. घड्याळजींनी वल्ही घेतली. डॉक्टर सूंकन बाजूने गेले, तेव्हा घड्याळजींनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बेट जिथल्या तिथे होतं. अकरा रविवारांच्या जागी हा एकच रविवार होता, तोही बस चुकवून मिळालेला, आणि तो संपणार हे दोघांनाही माहीत होतं.

पाऊण तासाने घड्याळजींचं तोंड उघडलं.

"दादा, काल तू घड्याळ लावायला विसरलास, की मुद्दाम लावलं नाहीस?"

दादा पाण्यावर उठणाऱ्या वल्ह्यांच्या वर्तुळांकडे बघत होते. त्यांनी एक बोट वर केलं.

"थांब," ते म्हणाले, "मोजतोय."