सासऱ्यांचे दात आणि सात किलोची बॅग

विमानप्रवासात बॅग खाली सामानात टाकायची की आपल्याजवळ ठेवायची, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांची मला कीव यायची. मी छातीठोकपणे सांगायचो, "आपली बॅग आपल्या डोक्यावर! एकदा डोळ्यांआड झाली, की गेली म्हणून समजा!"

त्यात या खेपेला बॅगेत काय होतं? सासरेबुवांचे दात!

माझा धंदाच कवळ्या बनवण्याचा. सासरेबुवा दुसऱ्या शहरात मुख्याध्यापक. चाळीस वर्षांनी निवृत्त होत होते आणि त्याच संध्याकाळी सहाला शाळेत त्यांचं निरोपाचं भाषण होतं. आठवड्यापूर्वीच जुनी कवळी बेसिनमध्ये पडून फुटली. मापं माझ्याकडे होती, मान मोडून नवी बनवली. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण या गृहस्थांनी माझं कधी तोंडदेखलंसुद्धा कौतुक केलं नव्हतं. आज झक मारत करावं लागणार होतं!

"अहो, बॅग टाका सामानात आणि दात द्या माझ्या पर्समध्ये," बायको म्हणाली.

"तुझ्या पर्समध्ये? तिथे गेलेली किल्ली दोन वर्षांनी सापडली होती!"

विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी बॅग काट्यावर ठेवायला लावली. परवानगी सात किलोची. भरली साडेआठ!

"अशक्य!" मी ओरडलो. "घरी बरोबर सात होती!"

"घरी म्हणजे आपल्या बाथरूममधल्या काट्यावर?" बायकोने विचारलं.

तो काटा मीच दीड किलो मागे सरकवून ठेवला होता. बायको वजन करून हसत बाहेर यावी म्हणून! आता हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

मुकाट्याने बॅगेतले तीन शर्ट, एक स्वेटर आणि जाडी पॅंट तिथेच अंगावर चढवली. हात शरीराला टेकेनात. तसाच डुलत डुलत तपासणीला गेलो.

तिथल्या शिपायाने पडद्यावर पाहिलं आणि तो ताडकन उठला.

"यात दात आहेत! कोणाचे?"

"सासऱ्यांचे!"

"आणि सासरे कुठे आहेत?"

रांगेतली माणसं चार पावलं मागे सरकली. कसंबसं समजावलं. आमच्या धंद्यात वरची आणि खालची कवळी एका डबीत ठेवत नाहीत, आपटून टवके उडतात. म्हणून दोन सारख्या डब्या, दोन्हींना मिळून एक रबर. शिपायाने रबर काढलं, एक डबी उघडून पाहिली, बंद केली, आणि पुन्हा बॅगेत हात घातला. बाहेर आली माझी मेण कोरायची सुरी!

"ही आत नेता येणार नाही. इथे सोडा, नाहीतर बॅग सामानात टाका."

माझ्या उस्तादांनी दिलेली सुरी! वीस वर्षं वापरलेली! ती कशी सोडणार? धावत मागे गेलो. बॅग पट्ट्यावर टाकता टाकता डबी तेवढी काढून सर्वांत आतल्या शर्टाच्या खिशात घातली.

"दात घेतले ना?" बायकोने विचारलं.

"घेतले! मी काय दूधखुळा आहे?"

उतरल्यावर फिरत्या पट्ट्यासमोर तासभर उभे राहिलो. सगळ्यांच्या बॅगा आल्या, आमची नाही. "उद्या सकाळी येईल," तिथला माणूस म्हणाला. मी खिशावर थाप मारून हसलो. बॅग गेली खड्ड्यात, दात माझ्याजवळ होते!

शाळेत पोहोचलो तेव्हा सहाला पाच कमी. सभागृह खच्चून भरलेलं. सासरेबुवा पडद्यामागे तोंडावर रुमाल धरून उभे होते. मी एकामागून एक शर्ट सोलत डबी काढली, ऐटीत उघडली, आणि पायाखालची जमीनच सरकली!

आत फक्त खालची कवळी! शिपायाने रबर काढल्यावर डब्या सुट्या झाल्या होत्या; मी एकच उचलली, आणि वरच्या कवळीची डबी बॅगेतच राहिली होती! अहो, वरची एकटी असती तरी निभावलं असतं. ती टाळूला धरून बसते. खालची एकटी नुसती खुळखुळते!

"बाबा, आता हो?" बायको रडवेली झाली.

सासरेबुवांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, तेवढी घातली आणि ते मंचावर गेले. पुढची दहा मिनिटं नुसत्या शिट्ट्या आणि फुसफुस! एका शब्दाचा पत्ता नाही. शेवटी मात्र ते थांबले, थेट माझ्याकडे बोट केलं आणि भरल्या गळ्याने एक लांबलचक वाक्य बोलले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मला हुंदका आवरेना. अठरा वर्षांनी कौतुक, आणि तेही भर सभेत!

सकाळी बॅग आली. मी स्वतःच्या हातांनी वरची कवळी त्यांना बसवली आणि लाजत विचारलं, "बाबा, काल शेवटी माझ्याबद्दल काय बोललात?"

सासरेबुवांनी दोनदा जबडा उघडमीट करून पाहिला.

"जावईबापू, मी म्हणालो, चाळीस वर्षं मी ढ मुलांना शिकवलं. पण सगळ्यांत ढ जो होता, तो माझ्या शाळेत आलाच नाही. तो परस्पर माझ्या मुलीने पसंत केला!"

एक अक्षर घसरलं नाही, एक शिट्टी वाजली नाही. काहीही म्हणा, कवळी मात्र फर्स्टक्लास बसली होती.