हिवाळी टायर आणि नातीची पहिली स्वारी

नॉर्मां सिमार आपल्या नव्याकोऱ्या एसयूव्हीत डिकीतून शिरला. आधी डोकं, मग पोट, मग थोडी विश्रांती, आणि शेवटी पाय. मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर घरंगळताना कोपर लागून हॉर्न वाजला. स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफीचा कप घेऊन उभी असलेली त्याची बायको युगेट हा खेळ रोज बघत होती, तरी करमणूक काही कमी होत नव्हती.

"दरवाजे किती रे त्या गाडीला?" तिने खिडकी उघडून विचारलं.

"चार!" आतून आवाज आला.

"नाही, मला वाटलं विसरले असतील बसवायचे."

भानगड मांडवाची होती. ऑक्टोबर लागला की सें-झां तळ्याच्या काठी घरोघर गाडीचे हिवाळी मांडव उभे राहतात. लोखंडी नळ्या, वर पांढरं जाड कापड, आणि आत बर्फापासून बचावलेली गाडी. नॉर्मांचा मांडव जुन्या चिमुकल्या गाडीच्या मापाचा. सप्टेंबरात आलेली नवी गाडी थोराड, रुंद खांद्यांची. नवा मांडव घ्यायचा तर जुना टाकायला हवा, आणि नॉर्मांने आयुष्यात टाकलेली एकमेव वस्तू म्हणजे स्वतःचे टॉन्सिल. तेसुद्धा डॉक्टरांनी परत दिले नाहीत म्हणून. आरसे मिटले की गाडी मांडवात मावायची. दरवाजा तेवढा उघडायचा नाही.

गाडी एवढी मोठी घेण्याला कारण होतं. मुलगी कारीन पोटुशी होती, आणि पहिलं नातवंड इस्पितळातून घरी येईल ते आपल्या गाडीतून, असं नॉर्मांने गावभर सांगून ठेवलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी खुद्द कारीन जन्मली तेव्हा उणे तीसच्या थंडीत नॉर्मांची गाडी सुरूच झाली नव्हती. बाळ-बाळंतिणीला घरी आणलं ते युगेटच्या भावाने, रोझेरने. तेव्हापासून दर नाताळात दुसऱ्या ग्लासानंतर रोझेर ती कथा सांगतो, आणि दर वर्षी कथेतला बर्फ वीतभर वाढतो. गेल्या नाताळात तो चर्चच्या घंटेपर्यंत पोचला होता.

तर त्या गुरुवारी, अठ्ठावीस नोव्हेंबरला, नॉर्मां गाडी काढून क्लेर्मोंच्या गॅरेजात गेला. नंबर त्याने ऑगस्टमध्येच लावून ठेवला होता. बरोबर जुन्या गाडीचे चार हिवाळी टायर होते. क्लेर्मोंने टायर बघितले, गाडी बघितली, मग नॉर्मांकडे बघितलं.

"हे सोळा इंची आहेत."

"एकच हिवाळा चाललेत. काटे बघ कसे कोवळे आहेत."

"तुझ्या या गाडीला अठरा इंची लागतात."

"दोन इंचांनी काय बिघडतंय?"

"उद्या नातवंडाचं झबलं तू घालशील? तिथंही इंचांचाच प्रश्न आहे."

"बरं, अठरा इंची दे मग."

"संपले. पुढचा ट्रक बारा डिसेंबरला."

आता आमच्याकडे एक डिसेंबरपासून हिवाळी टायर नसलेली गाडी रस्त्यावर आणली की पोलीस दंड ठोकतात. म्हणजे बारा तारखेला टायर बसवायचे तर गाडी क्लेर्मोंकडे न्यायला हवी, आणि गाडी न्यायची तर टायर बसवलेले हवेत. नॉर्मां हा हिशेब मनात फिरवत घरी आला आणि डिकीतून बाहेर पडला.

शुक्रवारी पहाटे कारीनला मुलगी झाली. साडेतीन किलोची, आणि घशाने थेट आजोबांवर गेलेली. डॉक्टर म्हणाले, रविवारी सकाळी घरी न्या. नॉर्मांने बोटांवर दिवस मोजले. रविवार म्हणजे एक डिसेंबर.

"काळजी कशाला करताय, भाऊजी," रोझेर फोनवर म्हणाला. त्याचा आवाज नको तितका गोड होता. "माझी पिकअप आहे ना. आईला मी आणलं, लेकीलाही मीच आणीन. घराण्याची परंपरा होईल."

"माझी नात माझ्या गाडीतून येईल, रोझेर. चाकं नसली तर खांद्यावर गाडी घेईन, पण माझ्या गाडीतून येईल!"

फोन आपटून नॉर्मांने जाहिराती चाळायला घेतल्या. शेजारच्या गावात एक म्हातारी चार अठरा इंची हिवाळी टायर रिमसकट विकत होती. नॉर्मां धावला. टायर फक्कड होते, पण म्हातारीला पैसे नको होते.

"पैशाचं मी काय करू, बाबा?" ती म्हणाली. "नवरा होता तोवर दर शरदात मूस हरणाचं मांस घरात यायचं. तीन वर्षं झाली, जिभेला चव लागलेली नाही. तू शिकारीला जातोस?"

"जातो."

"यंदा मिळालं?"

नॉर्मांच्या नजरेसमोर तळघरातला फ्रीजर आला, त्यातली मूसची मागची अख्खी तंगडी आली, आणि पाठोपाठ युगेटही आली. युगेटकडे त्याने काणाडोळा केला.

संध्याकाळी युगेट तळघरात गेली आणि तशीच वर आली. नातीच्या आगमनाला तिने थोरली तुर्तिएर योजली होती: बटाटे, कांदा, मूसचं मांस, वर कणकेचं जाड पांघरूण, आणि सहा तास मंद भट्टी. वीस माणसं जेवायला बोलावली होती.

"नॉर्मां, तंगडी कुठाय?"

"म्हणजे ती... चालत गेली."

"आणि हे चार टायर?"

"ते चालत आले."

"अस्सं," युगेट शांतपणे म्हणाली. ती शांत झाली की घरातलं मांजर बाहेर जातं. "मग वीस माणसांना टायरचा एकेक पाचवा हिस्सा वाढते. विहीणबाईंना नळीचा भाग देते."

शेवटी तिने भावालाच फोन लावला आणि रोझेरने सहा ससे देण्याचं कबूल केलं. त्यामुळे शनिवारी सकाळी ससे घेऊन तो आला, आणि सशांच्या निमित्ताने आला तो मदतीलाच राहिला. मदतीला आलेला मेहुणा परत पाठवायची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

रात्रीतून गुडघाभर बर्फ पडला होता. गाडी मांडवात होती, पण दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. पाना फिरवायचा तर हात चपटा करून घ्यावा लागला असता.

"गाडी बाहेर काढू," नॉर्मां म्हणाला.

"बर्फात जॅक रुतेल, भाऊजी. विचार करा जरा. मांडवातून गाडी काढण्याऐवजी गाडीवरून मांडव काढायचा. खुंट्या उपटू, उचलू, दोन हात सरकवू. साधं विज्ञान आहे."

साध्या विज्ञानाप्रमाणे त्यांनी आठही खुंट्या उपटल्या. एका टोकाला नॉर्मां, दुसऱ्या टोकाला रोझेर. "एक, दोन, तीन," म्हणून दोघांनी मांडव गुडघाभर उचलला. त्याच क्षणी तळ्यावरून वारा आला.

लोकांना थाप वाटते, पण तो मांडव उडाला हे गावातल्या चाळीस माणसांनी पाहिलेलं आहे. आधी तो शिडासारखा फुगला. मग एक लोखंडी नळी नॉर्मांच्या अंगठ्यावर आपटली, आणि त्याने हात सोडला. रोझेरने मात्र सोडला नाही. आठ पावलं तो मांडवाबरोबर गेला, त्यातली शेवटची तीन जमिनीला न टेकता. मग शहाणपणाचं एक पाऊल म्हणून बर्फात पडला. मांडव पोस्टावरून गेला, शाळेवरून गेला आणि चर्चच्या मागे दिसेनासा झाला.

आमच्याकडे माणूस रागावला की कोणाच्या आईबहिणीला हात लावत नाही. तो शिवी म्हणून चर्चमधल्या देव्हाऱ्याची भांडी काढतो. नॉर्मांने अंगठा काखेत दाबून पूजेचा पेला काढला, प्रसादाची पेटी काढली, मेणबत्त्यांचे खांब काढले, आणि चर्चमध्ये बाकंच काय ती उरली तेव्हा फाटकाशी पाद्रीबाबा उभे दिसले.

"रस्त्यापलीकडून ऐकत होतो, नॉर्मां. आमच्या सामानाची अशी पूर्ण यादी मलाही पाठ नाही."

"माफ करा, बाबा. मांडव उडाला माझा."

"तो तुझा होय?" पाद्रीबाबांचा चेहरा पडला. "आठ वर्षं मी मांडव मागतोय वरच्याकडे. आज खिडकीतून बघतो तर माझ्या गाडीवर अलगद उतरलेला. मापात, रे! एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. उद्याच्या प्रवचनात सांगणार होतो."

नॉर्मांने मांडव नसलेल्या गाडीकडे पाहिलं. तिचे चारही दरवाजे किती तरी दिवसांनी मोकळे झाले होते.

"सांगा खुशाल," तो म्हणाला. "ठेवून घ्या."

मग जॅकखाली फळी टाकून, उणे अठरात, दोघांनी चाकं बदलली. तिसऱ्या चाकाशी रोझेरने पाना उलटा फिरवायला लावला. ते चाक सुटून उतारावरून निघालं आणि दोघं त्यामागे गावाच्या वेशीपर्यंत गेले. चौथ्या चाकाचे नट रोझेरने थंडीने गोठू नयेत म्हणून तोंडात धरले होते. बोलायचं आठवल्यावर त्यातला एक बर्फात पडला आणि तो शोधायला तासभर गेला. युगेटला तो तास दिवसातला सर्वांत सुखाचा वाटला, कारण तेवढा वेळ उरलेले नट तोंडात धरून तिचा भाऊ गप्प होता. चार वाजता चारही टायर बसले. नॉर्मां गाडीभोवती सात वेळा फिरला. अंगठा एव्हाना वांग्यासारखा झाला होता, तो त्याने हातमोज्यात लपवला.

रविवारी सकाळी स्वारी निघाली. पुढे नॉर्मां आणि युगेट, मागे फुलं-पिशव्यांच्या निमित्ताने पिकअपमधून रोझेर. गाडी बर्फाला अशी धरून चालली होती की नॉर्मांला रडू येईल की काय असं झालं. आरशात पाहिलं तर रोझेरची पिकअप वळणावळणाला ढुंगण हलवत येत होती.

"काय रे, नाचत होतास?" इस्पितळाच्या दारात नॉर्मांने विचारलं.

"ही माझी चालवायची पद्धत आहे," रोझेर म्हणाला.

खोलीत कारीन तयार होती. जावई यानिक हातात बाळाची खुर्ची घेऊन उभा होता, आणि त्याची आई, विहीणबाई, चार पिशव्यांसह येऊन बसली होती. नॉर्मांने हातमोजे काढले आणि नातीला घेतलं. ती त्याच्याकडे बघून जांभई देते आहे तोवर नर्सचं लक्ष गेलं.

"आजोबा, हा अंगठा आहे?"

"होता," नॉर्मां म्हणाला.

अंगठा मोडलेला निघाला. नर्सने पट्टी घातली, वर मनगटापर्यंत बँडेज चढवलं. अंगठा सरळ वर, जगाला शाबासकी देत उभा राहिला.

"महिनाभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"बाई, आजचा दिवस फक्त. पंचेचाळीस किलोमीटर. डाव्या हाताने—"

"बाबा," कारीन म्हणाली, "माझी दोन दिवसांची पोर एका हाताने नेणार आहेस तू?"

नॉर्मांने किल्ली पुढे केली. गाडी यानिक चालवणार असं ठरलं. मागे बाळ, शेजारी कारीन, पलीकडे युगेट. आजीने मांडीवर तुर्तिएरची चिंता घेतली होती, तिला हलवणं शक्य नव्हतं. राहिली पुढची सीट. नॉर्मां तिच्याकडे निघाला तोच विहीणबाई आत बसून पट्टा लावत म्हणाल्या, "मला मागे बसलं की मळमळतं. तुम्ही येता ना रोझेरभाऊंबरोबर?"

नॉर्मां पिकअपमध्ये चढला. पुढे त्याची गाडी, त्याचे टायर, त्याची नात. तो मागून, मांडीवर फुलं घेऊन.

"उदास नका होऊ, भाऊजी," रोझेर म्हणाला. "गाडी तर तुमचीच ना? पोरगी तुमच्याच गाडीतून घरी चाललीय. या नाताळात मी माझी गोष्ट सांगणार नाही. शपथ."

नॉर्मांने त्याच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत हा माणूस प्रथमच बरा वाटला.

गावाअलीकडच्या फाट्यावर पोलीस उभा होता. पहिली तारीख होती, तपासणी होती. त्याने एसयूव्हीचे टायर पाहिले, आत बाळ पाहिलं आणि टोपी काढून कमरेत वाकून गाडी सोडली. नॉर्मांने काच खाली करून बँडेजचा अंगठा अभिमानाने बाहेर काढला.

"माझे टायर आहेत ते!"

"छान आहेत," पोलीस म्हणाला आणि वाकून पिकअपची चाकं बघू लागला. बराच वेळ बघत राहिला. "हे मात्र उन्हाळी आहेत."

नॉर्मां हळूहळू मेहुण्याकडे वळला.

"माझे घरी तयार आहेत हो," रोझेर कळवळून म्हणाला. "शनिवारीच बसवणार होतो. पण शनिवारी दिवसभर मी कुठं होतो, सांगा की भाऊजी यांना! कोणाच्या गाडीखाली होतो?"

दंडाची पावती फाटली. पिकअप आता एक वीतसुद्धा हलणार नव्हती, आणि बाहेर उणे वीस होतं. पोलीस नवा होता, पण मनाने चांगला होता. दोन म्हाताऱ्यांना त्याने फुलांसकट मागच्या सीटवर घेतलं. समोर धुरळणारा बर्फ होता, म्हणून वरचा लाल-निळा दिवा लावला.

घरापुढे सगळा गाव जमला होता. चर्च सुटून पाद्रीबाबाही आले होते. कारीन बाळाला घेऊन उतरत होती आणि टाळ्या चालल्या होत्या, तेवढ्यात पोलिसांची गाडी लखलखत येऊन थांबली. टाळ्या थांबल्या. पोलिसाने दार उघडलं. आतून आधी बँडेजमधला अंगठा बाहेर आला, मग नॉर्मां.

विहीणबाईंनी युगेटच्या कानाशी तोंड नेलं. "नेहमी असेच येतात का हो घरी?"

"छे हो," युगेट म्हणाली. "आज नात पहिल्यांदा त्याच्या गाडीतून आली ना, म्हणून तो आपला पोलिसांच्या गाडीतून आला."