दाजींचा नाका

तारकर्लीच्या किनाऱ्यावर सकाळी एखादा म्हातारा बाटलीच्या बुचाला दरडावून विचारताना दिसला, "खंयसून इलंस? खंय चललंस? माल काय?" तर घाबरू नये. ते आमचे शेजारी दाजी.

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा समोर अडवायला ट्रक उरले नव्हते, समुद्र होता. आणि समुद्र कागदपत्रांशिवाय वाटेल ते आणून टाकतो, याचा दाजींना मनापासून राग. भरतीने फेकलेली प्रत्येक झिजलेली, शेवाळलेली वस्तू ते उचलत, हुंगत, प्रसंगी चाटूनही बघत. ओळख पटली की उजवा हात कोपरापासून ताठ वर करत, नाक्याचा दांडा वर जातो तसा, आणि म्हणत, "सोड." मग ती वस्तू माडाच्या बुंध्याशी टाकली जाई. ओळख पटली नाही तर पडवीतल्या दोरीवर टांगली जाई, पुढच्या चौकशीपर्यंत. ती दोरी माझ्या धाकट्या भावाने, नंदूने, त्यांना बांधून दिली होती.

अडचण एकच होती. दाजींचा निकाल कधी बरोबर येत नसे.

अर्धा लोखंडी गोळा सापडला, तो त्यांनी किल्ल्यावरच्या तोफेचा ठरवला. तो एका लॉजच्या व्यायामशाळेतल्या तुटक्या डंबेलचा निघाला. एकदा दातांची कवळी मिळाली. "अरबी खलाशाची," दाजी म्हणाले, "खजूर खावन झिजली हा." ती दोरीवर लटकत असताना आमचे निवृत्त गुरुजी आले, बराच वेळ बघत राहिले आणि पोकळ तोंडाने म्हणाले, "दाजी, ती माझी."

"पुरावो काय?"

गुरुजींनी कवळी काढून तोंडात बसवली आणि पुरावा दिला.

तेव्हापासून गावाने एक नियम करून टाकला होता. दाजी जहाजाचं म्हणाले की ते न्हाणीतलं समजायचं.

नंदू जाळी बघायला एकटाच होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. वारा फिरला होता, एवढंच लोकांना सांगता आलं. होडी मिळाली नाही, तोही नाही. अशा वेळी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजी समजावून गेले, नातेवाईक समजावून गेले. आई ऐकेना. "ज्याचा काय एक सापडूक नाय, त्याका मेलो कसो म्हणतास? काय तरी मिळांदे, मगे बघू."

ती रोज किनाऱ्यावर जाऊ लागली. दाजी तिच्याही आधी जाऊ लागले. परतताना आमच्या दारापुढच्या खळ्याशी थांबून, कोणी न विचारता, ते वर्दी देत, "वयनी, आज सगळो परमुलखातलो माल. आमच्यातला काय नाय." आई मान हलवी आणि तरीही स्वतः बघून येई. मी ओरोसला नोकरीला. सुट्टीला घरी आलो की पुस्तक उघडून बसे आणि हे ऐके. पान उलटलं जात नसे.

एका सकाळी आई पदराखाली काहीतरी घेऊन आली आणि घरात न येता मला म्हणाली, "चल दाजींकडे."

तेलाचा कॅन अर्धा कापून केलेलं, होडीतलं पाणी उपसायचं भांडं होतं ते. रंग उडालेला, कडेला शिंपल्यांची खरूज. कान तुटलेला आणि तांब्याच्या तारेने बांधलेला. तार हिरवी पडली होती.

"भावजीनू, ह्या काय ता बघा."

दाजींनी ते हातात घेतलं. हुंगलं नाही. खंयसून इलंस, असं विचारलं नाही. अंगठा तारेवरून फिरवला. पीळ उलटा होता. नंदू डावरा. त्याने आवळलेलं घरात कोणाला सुटत नसे, त्यावरून आई त्याला बोलायची. दाजींची नजर एकदाच वर गेली, पडवीतल्या दोरीकडे. दोरीची दोन्ही टोकं वाशाला तसल्याच तारेने बांधली होती, तसाच उलटा पीळ घालून. आईचीही नजर तिथेच होती.

"केरळातला," दाजी म्हणाले. "तिकडचे अशीच तार मारतत. आमचा न्हय, वयनी."

पण हात वर गेला नाही आणि सोडही म्हणाले नाहीत. भांडं पोटाशी धरून उभे राहिले.

"बरा झाला," आई म्हणाली. "मी उगाच भियालंय."

"चाय घेवन जा गो."

"नको. जेवण करूचा आसा."

माडांमधल्या वाटेवर ती थांबली. "दाजींचो निकाल कधी बरोबर इलो हा?"

ती पुन्हा चालू लागली.

"भटजीक सांग," ती म्हणाली. थोडं पुढे जाऊन पुन्हा म्हणाली, "त्येंका काय बोला नको. त्येंनी ता पोटाशी कसा धरलेला, बघितलंस?"

विधीच्या दिवशी मी ते भांडं मागायला गेलो. दोरीवर ते नव्हतं. दाजी आतून केळीच्या पानाचा तुकडा घेऊन आले. त्यावर नुसती तार होती, देवाच्या भांड्यांसारखी लाल, लखलखीत.

"कोकमाच्या सोलांनी घासलंय," ते म्हणाले. "हिरवी होती. तशी कशी देवू?"

कशाला हवी, हे त्यांनी विचारलं नाही. पीळ त्यांनी उलगडला नव्हता.

पुतळ्याबरोबर ती तार अग्नीत गेली. राख सोडायला मी गुडघाभर पाण्यात उतरलो. राखेत तार काळी पडलेली होती, पीळ तसाच. ओंजळ रिकामी करून मागे वळलो तेव्हा आई कोरड्या वाळूवर बसली होती आणि दाजी तिच्यापुढे, घोट्याभर पाण्यात उभे होते. त्यांनी उजवा हात कोपरापासून वर केला. लाट आली, गेली, पुन्हा आली. मी आईला उठवून घरी घेऊन निघालो, तरी त्यांचा हात खाली आला नव्हता.